मधल्या पट्टीवरचे डाग

१

"शी!"

कारखान्याच्या फाटकातून आत पाऊल टाकल्या टाकल्या जाळीकाकूंच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द. पहारेकऱ्याला वाटलं, बाई आपल्यालाच म्हणाल्या. तो बिचारा स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला. पण काकूंचा राग वासावर होता. फिनाईलचा तो उग्र वास नुसता नाकात जात नव्हता, जिभेवर उतरत होता.

"रोज तीनदा धुतात," पहारेकरी अपराधी चेहऱ्याने म्हणाला. "फिटर गेला ना तिथे, तेव्हापासून."

"आणि फिटरच्या घरी कितीदा गेलात?"

पहारेकऱ्याने मान खाली घातली. म्हणजे कुणी गेलं नव्हतं. फरशी चकचकीत ठेवली की झालं!

काकूंचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, तेवढंच. बाकी सगळीकडे त्या जाळीकाकू. यंत्राचा एखादा भाग वजन पेलेल की नाही, हे आजकाल लोखंड कापायच्या आधीच कॉम्प्युटरवर तपासतात. अख्खा भाग एकदम हिशेबात बसत नाही, म्हणून त्याचे बारीक बारीक चौकोन पाडतात. या चौकोनांची जाळी म्हणजे मेश. मग प्रत्येक चौकोनावर किती ताण येतो ते सॉफ्टवेअर काढतं. कमी ताण निळा, जास्त ताण लाल. असं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीत काकू बावीस वर्षं होत्या. गिऱ्हाइकाच्या पडद्यावर जाळी दिसेनाशी झाली, फाटकी दिसली, उलटीपालटी दिसली, की मदतीच्या फोनवर काकू. फोनवर भागलं नाही, तर दुखरा गुडघा घेऊन काकू दारात हजर.

आजचं काम तसं फुटकळ होतं. या कारखान्याने वजन उचलणाऱ्या यंत्राचा एक मोठा पोलादी आर्म बनवला होता. तीन आठवड्यांपूर्वी चाचणीच्या दिवशी तो मोडून पडला, आणि खाली उभा असलेला फिटर जागच्या जागी गेला. आज दुपारी चार वाजता चौकशीची शेवटची बैठक होती. बाहेरून आलेल्या चौकशी अधिकाऱ्यांना जुनी चित्रं चालत नव्हती, त्यांना आर्मच्या जाळीची ताजी चित्रं हवी होती. नेमकी तीच चित्रं बिघडली होती. मधल्या पट्टीवर डाग दिसत होते.

"कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड बदललं, तरी डाग जाईनात," डिझाइन विभागाचे साहेब म्हणाले. त्यांची केबिन म्हणजे ऑपरेशनची खोली. टेबलावर कागद नाही की धूळ नाही. बोलता बोलता ते ओल्या कागदी रुमालाने आधी टेबल, मग टेलिफोन, मग भिंतीवरची काचेची चौकट पुसत होते. चौकटीत याच आर्मचं पहिलं ड्रॉइंग होतं, खाली साहेबांची लफ्फेदार सही. "चित्र स्वच्छ करून द्या, बस. फार खोलात शिरायची गरज नाही. दोष वेल्डिंगचा आहे हे ठरलंय. वेल्डर स्वतःच लिहून द्यायला तयार आहे."

"ठरलंय तर चित्रं कशाला हवीत?"

"फाईल पूर्ण व्हायला नको का?" साहेब हसले. "मला त्या सॉफ्टवेअरमधलं ओ की ठो कळत नाही हो. पण चित्र घाणेरडं दिसलं की मला सहन होत नाही."

काकूंनी चहाच्या कपाकडे बघितलं. वर जाड साय धरली होती. त्यांनी कप तसाच सरकवून ठेवला आणि उठल्या.

२

मेश करणाऱ्या मुलीला सगळे चिमणी म्हणायचे. आवाज तसाच, अंगकाठी तशीच, आणि गेले तीन आठवडे तिने धड दाणाही टिपला नसावा असं तिच्या चेहऱ्यावरून वाटत होतं. अपघात झाल्यापासून ती खुर्ची सोडत नव्हती. डबासुद्धा तिथेच उघडायची आणि तसाच बंद करायची. तिच्या कीबोर्डच्या फटींत बिस्किटांचा चुरा आणि केस अडकले होते. पडद्याच्या कडेला कागदाचा चिटोरा चिकटवलेला, त्यावर पासवर्ड.

"हा काय प्रकार?" काकूंनी विचारलं.

"एकच परवाना घेतलाय ना सॉफ्टवेअरचा. ज्याला लागेल तो इथे बसतो. सगळ्यांचा पासवर्ड हाच."

"म्हणजे घराला कुलूप लावायचं आणि किल्ली कुलपालाच टांगायची. दाखव ते डाग."

चिमणीने आर्म उघडला. दोन बाजूंना दोन जाड पत्रे, आणि बरोबर मधोमध, दोघांना धरून ठेवणारी उभी पट्टी. पत्रे छान, एकरंगी. मधल्या पट्टीवर मात्र हिरवे-करडे ठिपके. भिंतीला ओल येऊन पोपडे धरावेत तसे. काकूंनी आर्म फिरवला. ठिपके नाचले, जागा बदलल्या, इकडचे तिकडे गेले.

हा कार्डचा बिघाड नव्हता. बिघडलेलं कार्ड सगळ्या पडद्याची वाट लावतं. ते एकाच पट्टीवर, आणि तीही आर्म फिरवला तरच, असा तमाशा करत नाही. दोन पृष्ठभाग तंतोतंत एकाच जागी असले, की कुठला वर दाखवायचा ते पडद्याला कळत नाही आणि दोन्ही रंग आलटून पालटून डोकावतात.

त्यांनी पट्टीतला एकच चौकोन निवडला आणि लपवला. तिथे भोक दिसायला हवं होतं. दिसलं नाही. त्या चौकोनाच्या खाली, बरोबर त्याच मापाचा, आणखी एक चौकोन होता.

३

"तू अर्धाच आर्म बनवलास," काकू म्हणाल्या. "आणि आरशात बघितल्यासारखी त्याची दुसरी बाजू उमटवलीस. हो की नाही?"

"सगळे तसंच करतात. निम्मी मेहनत वाचते."

"वाचते. पण मधली पट्टी आरशाच्या रेषेवरच होती. तिचं प्रतिबिंब तिच्याच अंगावर पडलं. कॉम्प्युटरला वाटलं, तिथे दोन पट्ट्या आहेत. म्हणजे दुप्पट ताकद. खरी पट्टी मात्र एकच कापली गेली."

चिमणीच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "म्हणजे ताण निम्माच निघाला? म्हणजे मीच त्यांना…"

"गप्प बस. रडायला नंतर भरपूर वेळ आहे." काकूंचा आवाज चढला, पण राग या पोरीवर नव्हता. असली चूक त्यांनी शंभर जणांकडून होताना पाहिली होती. चूक करणारा माणूस त्यांना कधी किळसवाणा वाटला नव्हता. "मला एक सांग. रिपोर्टात छापलेली चित्रं दाखव."

चिमणीने रिपोर्ट उघडला. दोन महिन्यांपूर्वीचा. मधली पट्टी स्वच्छ, एकरंगी, डागाचा मागमूस नाही.

"मॉडेल तेच?"

"तेच. रिपोर्टाच्या आधी डाग दिसले होते. मी साहेबांना सांगितलंही होतं. मग जेवून आले तर गेले होते. मला वाटलं, कार्डच होतं, आपोआप सुधारलं. आता चौकशीसाठी फाईल उघडली, 'सगळं दाखव' दाबलं, तर परत आले."

"कुणाकुणाला माहीत होते हे डाग?"

"साहेबांना. ड्रॉइंगवाल्या फूटपट्टी आजोबांना, ते माझ्या मागेच बसतात. आणि…" ती अडखळली. "बाकी कुणाला नाही."

काकूंनी थरांची यादी उघडली. मॉडेलचे भाग वेगवेगळ्या थरांत ठेवता येतात, हवा तो थर दिव्यासारखा चालू-बंद करता येतो. यादीच्या तळाशी एक बिननावाचा थर होता. त्यात फक्त मधल्या पट्टीची दुसरी प्रत होती. कुणीतरी ती वेगळी काढून, उचलून, तिथे ठेवून बंद केली होती.

बंद केलेला थर डोळ्यांना दिसत नाही. हिशेबात मात्र तो पुरता धरला जातो. ज्याने हे केलं, त्याला पट्टी दुप्पट आहे हे आर्म मोडायच्या दीड महिना आधी कळलं होतं. पुसून टाकायला एक बटण पुरलं असतं. त्याने लपवली होती.

४

मोडलेला आर्म मागच्या आवारात ताडपत्रीखाली पडला होता. शेजारी पालथ्या डब्यावर एक माणूस बसला होता. हाताच्या पाठींवर ठिणग्यांचे जुने डाग, डोळे सुजलेले, खिशात घडी घातलेला कागद.

"तुम्ही वेल्डर?"

"आजपर्यंत होतो," तो म्हणाला. "चार वाजता सही केली की संपलं."

काकू गुडघा धरत त्याच्या समोर टेकल्या. गेलेला फिटर याच्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. भाऊजींनीच याला या कारखान्यात चिकटवलं होतं. आणि याच्याच वेल्डिंगखाली भाऊजी गेले, असं सगळे म्हणत होते.

"ताईने दार उघडलं नाही," तो म्हणाला. "तेराव्या दिवशी गेलो, पंधराव्या दिवशी गेलो. आतून भाचीचा आवाज आला, मामा आलाय म्हणून. ताई तिला म्हणाली, तो मामा नाही, त्याने तुझ्या बाबांना मारलं. मी जिन्यातच बसून राहिलो. आता सही करून टाकतो. निदान तिला वाटेल, कबूल तरी केलं."

"तुम्हाला काय वाटतं? तुमचा वेल्डचा टाका तुटला?"

त्याने ताडपत्री उचलली. आतून गंजाचा आणि फिनाईलचा वास अंगावर आला. त्याने बोट ठेवलं ती वेल्डची रेघ अखंड होती, बोटभर जाड. तिच्या शेजारी पट्टी मात्र कागदासारखी टरकन फाटली होती.

"टाका जागेवर आहे. मला दिसतंय. पण साहेब म्हणतात, तू जास्त तापवलीस म्हणून शेजारचं लोखंड नरम पडलं. ते शिकलेले आहेत. मी रोज रात्री तो टाका मनात पुन्हा घालतो. हात कुठे थांबला होता का, आच वाढली होती का… तीन आठवडे झाले, बाई. आता मलाही वाटायला लागलंय की मीच मारलं."

काकूंना किळस आली. एका माणसाचा जीव घेऊन पट्टी लपवणाऱ्याचं पोट भरलं नव्हतं. आता दुसऱ्याकडून तो गुन्हा त्याच्याच अक्षरात लिहून घ्यायचा होता! घड्याळात दीड वाजला होता.

"सही करू नका," त्या म्हणाल्या. "मी सांगेपर्यंत पेन हातात धरायचं नाही."

"तुम्ही कोण?"

"मी पडदा साफ करणारी बाई," काकू म्हणाल्या आणि लंगडत निघाल्या.

५

वर येऊन त्यांनी मॉडेलचं एकूण वजन विचारलं. सॉफ्टवेअरने सांगितलं, चारशे साठ किलो. मग रिपोर्टाचं शेवटचं पान काढलं. तिथे वजन होतं चारशे एकोणीस.

एक्केचाळीस किलोंची तफावत. आकडा आपोआप उमटलेला नव्हता. कुणीतरी हाताने टाइप केला होता. ज्याने तो टाकला त्याने एका पट्टीचं वजन वजा केलं होतं, कारण चारशे साठ छापलं असतं तर ड्रॉइंगशी मेळ बसला नसता आणि कुणीतरी विचारलं असतं. वजनातून पट्टी काढली. ताणाच्या हिशेबात ती तशीच ठेवली.

"वजन कुणी भरलं?" काकूंनी विचारलं.

"मी रिकामं सोडलं होतं," चिमणी म्हणाली. "मला वाटलं, आजोबा भरतील."

फूटपट्टी आजोबा मागून खेकसले. चाळीस वर्षं ड्रॉइंग करणारा, नाकावर चष्मा, कानावर पेन्सिल, आणि कॉम्प्युटर म्हणजे सात जन्माचा वैरी. "मी कशाला भरू? तुमच्या त्या रंगीत चित्रांत मी लक्ष घालत नाही. माझी ड्रॉइंग माझ्याजवळ. सरळ रेघेत बोलतात."

"मधल्या पट्टीचं वजन किती, आजोबा?"

"त्रेचाळीस." म्हाताऱ्याने बघितलंसुद्धा नाही.

"एक्केचाळीस नाही?"

"त्रेचाळीस म्हणजे त्रेचाळीस! सुरुवातीला मोठी भोकं होती. रिपोर्टाच्या महिनाभर आधी मी ती बारीक केली, वजन दोन किलोंनी वाढलं. जुन्या प्रती स्वतः गोळा करून फाडल्या मी. एक सोडून."

"एक कुठली?"

 आजोबांनी नुसती हनुवटी साहेबांच्या केबिनच्या दिशेने केली. काकूंनी चिमणीकडे वळून विचारलं, "तुझ्या मॉडेलमध्ये एका पट्टीचं वजन किती?"

"शेहेचाळीस. मी भोकं धरलीच नव्हती. लहान होती म्हणून."

काकूंनी डोळे मिटले. चिमणीने वजा केलं असतं तर शेहेचाळीस केलं असतं. आजोबांनी केलं असतं तर त्रेचाळीस. वजा झालं होतं एक्केचाळीस, आणि तो आकडा आता कारखान्यात एकाच ठिकाणी शिल्लक होता.

"काकू," चिमणी एकदम म्हणाली, "मघाशी मी एक नाव सांगितलं नाही. डागांचं आणखी एकाला माहीत होतं. मी तुमच्या कंपनीच्या मदतीच्या फोनवर विचारलं होतं. तिकडून एका बाईंनी सांगितलं, कार्ड बदला. म्हणून मी निश्चिंत झाले. तुम्हाला राग येईल म्हणून बोलले नाही."

काकूंनी स्वतःचा लॅपटॉप उघडला. तक्रारीची नोंद सापडायला मिनिटही लागलं नाही. दोन महिन्यांपूर्वीची तारीख. 'एकाच पट्टीवर डाग, फिरवलं की हलतात.' इतकं नीट सांगितलं होतं पोरीने! फोन चाळीस सेकंद चालला होता. सल्ला: कार्ड बदला. आणि सल्ला देणाऱ्याच्या रकान्यात जो नोकरी-क्रमांक होता, तो काकूंच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर होता.

६

त्यांना तो फोन आठवतसुद्धा नव्हता. दिवसाला साठ फोन येतात. डाग म्हटलं की कार्ड, हे तोंडात बसलेलं. समोरची मुलगी काय म्हणते ते त्यांनी ऐकलंही नसणार. काकू स्वच्छतागृहात गेल्या, तोंडावर पाणी मारलं, आरशात बघितलं. दुसऱ्या कुणाची किळस यायला त्यांना कधी वेळ लागला नव्हता. आज ती घरातच निघाली होती.

परत येऊन त्यांनी जास्तीची पट्टी पुसली, भोकं धरली आणि हिशेब पुन्हा चालवला. चाराला दहा कमी असताना निकाल आला. त्यांनी तो बघितला, आणि नोंदीचा कागद छापून घेतला. तो कागद खिशातच राहिला असता तर कुणाला काही कळणार नव्हतं. चिमणीला बाईंचं नाव ठाऊक नव्हतं.

बैठकीच्या खोलीत चौकशी अधिकारी होते, साहेब होते, चिमणी आणि आजोबा होते. दाराजवळच्या खुर्चीत वेल्डर. आणि त्याच्याकडे पाठ करून, खिडकीशी, पांढऱ्याफटक चेहऱ्याची एक बाई बसली होती. फिटरची बायको. तिलाही निकालाच्या कागदावर सही करायची होती.

काकूंनी लॅपटॉप भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडला. आर्म मुद्दाम तिरपा, जवळजवळ उताणा ठेवला, आणि परवान्याच्या मुदतीबद्दल अधिकाऱ्यांशी कंटाळवाणं बोलत बसल्या. मुद्दाम लांबण लावली. साहेब आधी पडद्याकडे बघत होते, मग नजर चुकवत होते, मग रुमालाने बोटं पुसत होते. ते वाकडं चित्र त्यांना सहन होईना. शेवटी ते पुढे झाले, डाव्या हाताने एक बटण दाबलं, उजव्याने माउसचं चाक दाबून फिरवलं, आणखी एक बटण. आर्म सरळ झाला, मधोमध आला, मागच्या रेषाही बंद झाल्या. सगळं मिळून तीन सेकंद.

"वा," काकू म्हणाल्या. "ही बटणं पाठ व्हायला मला वर्ष लागलं होतं. तुम्हाला तर यातलं ओ की ठो कळत नाही ना, साहेब?"

साहेबांचा हात माउसवरच राहिला. "पूर्वी… पूर्वी थोडंफार करायचो."

"म्हणजे थर बंद करता येतो तुम्हाला. येवो. तो गुन्हा नाही." मग काकूंनी सगळं सांगितलं: आरसा, दोन पट्ट्या, डाग, जेवणाच्या सुट्टीत गायब झालेला थर. अधिकारी लिहीत होते. "कुणी म्हणेल, चिमणीनेच लपवलं असेल, किंवा आजोबांनी. म्हणून वजन बघा. रिपोर्टात चारशे एकोणीस, मॉडेलमध्ये चारशे साठ. एक्केचाळीस वजा केलेत. मॉडेलमधली पट्टी शेहेचाळीसची आहे. आजोबांच्या चालू ड्रॉइंगमधली त्रेचाळीसची. एक्केचाळीस फक्त पहिल्या ड्रॉइंगमध्ये आहे. त्याची एकच प्रत उरलीय."

अधिकारी स्वतः उठून केबिनमध्ये गेले आणि भिंतीवरची चौकट घेऊन आले. काच इतकी लख्ख होती की आकडा लांबून वाचता येत होता.

साहेबांनी सवयीने रुमाल काढला आणि चौकटीवर अधिकाऱ्यांचे ठसे उमटले होते तिथे हात नेला. मग त्यांना भान आलं. "तुम्ही याला फारच भयंकर रूप देताय," ते म्हणाले. "पुन्हा हिशेब केला असता तर पट्टी जाड करावी लागली असती, तारीख चुकली असती. आम्ही नेहमी थोडी जास्त ताकद धरून ठेवतोच. मला वाटलं, चालून जाईल. मी काही खोटं दाखवलं नाही. चित्र खराब दिसत होतं, ते फक्त स्वच्छ केलं."

"आणि वेल्डरचं काय?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"त्याचं… तो स्वतःच म्हणत होता ना, की चूक झाली असेल."

आजोबांच्या तोंडून एक कचकचीत शिवी बाहेर पडली. चाळीस वर्षांत त्यांना कुणी शिवी देताना ऐकलं नव्हतं. 

काकूंनी नवा निकाल पडद्यावर आणला. एकाच पट्टीचा, खरा. सगळा आर्म निळा-हिरवा, आणि वेल्डच्या शेजारी, टाका सोडून, पट्टीवर लालभडक रेघ. मागच्या आवारात पट्टी जिथे फाटली होती, बरोबर तिथेच.

"टाका चांगला होता," त्या दाराकडे बघून म्हणाल्या. "तुम्ही आच वाढवली नव्हती. हात कुठे थांबला नव्हता. कुणीही तो टाका घातला असता तरी ही पट्टी फाटलीच असती."

वेल्डरने खिशातला कागद काढला, आणि काय करायचं ते न कळून तसाच हातात धरून राहिला. अधिकाऱ्यांनी तो त्याच्याकडून घेतला, उभा-आडवा फाडला आणि साहेबांना सांगितलं, "तुम्ही बसा. आता तुमचं लिहून घ्यायचंय."

काकूंनी छापलेला नोंदीचा कागद अधिकाऱ्यांसमोर ठेवला. "हेही जोडा. मुलीने वेळेत विचारलं होतं. मी ऐकलं नाही. खाली माझा क्रमांक आहे."

७

बाहेरच्या लांबट बोळात फिटरची बायको भिंतीला टेकून उभी होती. काकू तिच्यापाशी गेल्या. बोलायचं काय ते त्यांनी ठरवलं नव्हतं.

"दोन महिन्यांपूर्वी मी चाळीस सेकंदांऐवजी पाच मिनिटं दिली असती, तर तुमचे मिस्टर आज असते," त्या म्हणाल्या. "हे तुम्हाला माझ्या तोंडून कळायला हवं होतं."

त्या बाईने त्यांच्याकडे नीट बघितलं. "का? म्हणजे मी म्हणावं, जाऊ द्या हो? आणि तुम्ही हलक्या होऊन घरी जाल?"

  काकूंनी फक्त मान हलवली आणि बाजूला झाल्या.

वेल्डर दारातून बाहेर आला आणि बहिणीला बघून चार पावलांवर थांबला. जवळ यायला तो धजेना. तीन आठवड्यांत तिने पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे बघितलं. किती वाळलाय, हे तिला तेव्हा दिसलं असावं.

"ताई," तो म्हणाला, "मी नव्हतो गं."

"ऐकलं मी." तिचा आवाज कोरडा होता. "मुलांना मी सांगून ठेवलंय. मामाने मारलं म्हणून. धाकटा झोपेत तेच बडबडतो."

"मी येऊन सांगू त्यांना?"

"नाही." तिने पदराने नाक पुसलं, पुढे झाली आणि त्याचं भाजल्याच्या डागांचं मनगट घट्ट धरलं. "बोलले मी. शब्द परतही मीच घेणार. तू चल, आणि मी सांगत असताना माझ्या शेजारी बस."